संहिता, यंत्र आणि प्रयोग : जुन्या गृहसंगणकांवरील अंकीय संगीताचे परीक्षण

१

संगीत टिकवून ठेवण्याचे दोन मार्ग परंपरेने ज्ञात आहेत. एक स्वरलेखनाचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. बंदिशीचे स्वरलेखन हाती असले, म्हणजे ती कोणी, कोणत्या वाद्यावर, कोणत्या लयीत सादर करावी याची मोकळीक उरते. ध्वनिमुद्रिका हाती असली, म्हणजे एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट कंठातून निघालेला एकच आविष्कार पुनःपुन्हा ऐकता येतो. पहिल्या मार्गात कृती आहे, पण नाद नाही. दुसऱ्यात नाद आहे, पण तो एका प्रयोगाशी कायमचा जखडलेला आहे. नाट्यविचारात संहिता आणि प्रयोग असा जो भेद केला जातो, तोच येथे वेगळ्या रूपाने उपस्थित होतो.

१९८० च्या दशकातील गृहसंगणकांनी या जोडीत एका तिसऱ्या प्रकाराची भर घातली. त्या यंत्रांसाठी तयार झालेली संगीताची फाइल बहुधा स्वरलेखनही नसे आणि ध्वनिमुद्रणही नसे. ती एक आज्ञावली असे. ती वाचणारा आणि वाजवणारा एकच, म्हणजे यंत्र. आणि त्या यंत्राचे गुणदोष नादात उतरल्यावाचून राहत नसत. पुढे ध्वनीचे अंकीय मुद्रण सार्वत्रिक झाले आणि ‘अंकीय संगीत’ या एकाच नावाखाली हे भिन्न प्रकार एकत्र लोटले गेले. जुन्या यंत्रांवर अंकीय संगीत वाजवण्याचा छंद आज अनेक देशांत जोपासला जातो. त्याविषयीच्या चर्चेत जो गोंधळ दिसतो, त्याचे मूळ पुष्कळ अंशी या एकत्रीकरणात आहे.

या चर्चेत सामान्यतः दोन निकष वापरले जातात. एक पक्ष मूळ ध्वनीशी असलेल्या इमानाला प्रमाण मानतो. त्याच्या दृष्टीने जुने यंत्र हे केवळ अपुरे ध्वनिवाहक होय. दुसरा पक्ष स्मरणरंजनात रमतो. त्याला यंत्राची प्रत्येक खरखर सारखीच प्रिय असते. पहिला निकष कृतीला यंत्रापासून तोडतो, दुसरा यंत्राला कृतीपासून. प्रस्तुत परीक्षणात तिसऱ्या निकषाचा पुरस्कार केला आहे. एखादी फाइल वादनाच्या कार्यातील किती वाटा यंत्रावर सोपवते आणि ते यंत्र तो वाटा कोणत्या सामर्थ्याने व कोणत्या मर्यादेत उचलते, यावर तिचे मोल ठरवले पाहिजे. हा निकष मान्य झाल्यास जतनाच्या प्रश्नाकडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

२

विवेचनासाठी कमोडोर ६४ हे यंत्र घेणे सोयीचे आहे. ते १९८२ मध्ये बाजारात आले. त्याची स्मृती ६४ किलोबाइटांची आणि प्रक्रियकाचा वेग सुमारे एक मेगाहर्ट्झ. त्यातील ध्वनिनिर्मितीची चिप, ६५८१ क्रमांकाची ‘सिड’, रॉबर्ट यॅनिस यांनी १९८१ मध्ये रचली. इतर गृहसंगणकांतील ध्वनिचिपा तेव्हा सूचक आवाज काढण्यापुरत्या असत. यॅनिस यांनी मात्र वाद्यनिर्मात्याच्या दृष्टीने ही चिप घडवली. पुढे ते एन्सोनिक या वाद्यनिर्मिती करणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. सिडमध्ये तीन स्वतंत्र ध्वनिमार्ग आहेत. प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, आयताकृती आणि गोंगाटरूप असे तरंगांचे प्रकार उपलब्ध आहेत. स्वर कसा उठावा, कसा उतरावा, कोठे स्थिरावावा आणि कसा विरावा, हे चार अवस्थांनी ठरवता येते. आणि या सर्वांवर एक फिल्टर आहे.

या चिपसाठी लिहिलेल्या फाइलीत ध्वनी मुळीच नसतो. तिच्यात स्वरांची कोष्टके असतात आणि ती कोष्टके चिपच्या रजिस्टरांत योग्य क्षणी भरणारा छोटा कार्यक्रम असतो. युरोपीय यंत्रांत तो कार्यक्रम बहुधा दर सेकंदाला ५० वेळा चालतो. कित्येक मिनिटांची रचना त्यामुळे काही थोड्या किलोबाइटांत मावते. रॉब हबर्ड यांची ‘माँटी ऑन द रन’ या खेळासाठी केलेली १९८५ मधील रचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तीनच ध्वनिमार्ग हाती असताना त्यांनी एकाच मार्गाला अनेक कामे दिली. जो मार्ग या क्षणी खर्जाचा स्वर धरतो, तोच पुढच्या क्षणी तालाचा आघात होतो. स्वर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी घसरत जातात, कंप पावतात, आणि एकलवादकाच्या आलापीचा आभास निर्माण होतो. या काळातील अनेक रचनाकारांनी आणखी एक युक्ती वापरली. स्वरसंघातील तीन स्वर एकाच मार्गावर इतक्या त्वरेने आळीपाळीने वाजवायचे की कानाला ते एकत्र भासावेत. त्यातून निघणारा थरथरता नाद हे पुढे या संगीताचे ओळखचिन्हच झाले.

ही युक्ती टंचाईतून जन्मली असे म्हणणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने तिचे मूल्यमापन होत नाही. ओवीला चौथा चरण तोकडा पडतो, तो तिचा दोष कोणी मानत नाही. बंधन रचनेच्या अंगात मुरले म्हणजे ते बंधन न राहता रूप होते. हबर्ड यांच्या उत्तम रचनांत तीन मार्गांची मर्यादा अशा रीतीने मुरलेली आहे. तीच रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली, तर ती भरदार होईल; पण एकाच मार्गाने तीन कामे करताना निर्माण होणारा ताण नाहीसा होईल, आणि त्या ताणातच तिचा जोम आहे.

३

येथवर यंत्र हे वाद्य आहे. परंतु याच यंत्राला प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण वाजवावयास लावले, तर काय घडते? सिडची रचना त्यासाठी नव्हती. तरीही प्रोग्रॅमरांनी एक वाट शोधली. चिपच्या एका रजिस्टरातील चार बिट एकंदर आवाजाची पातळी ठरवतात. म्हणजे पातळीच्या १६ पायऱ्या मिळतात. ६५८१ या चिपच्या घडणीत एक विद्युतीय वैगुण्य आहे. तिच्या ध्वनिमार्गांतून स्वर वाजत नसतानाही एक स्थिर विद्युद्दाब बाहेर येत राहतो. त्यामुळे पातळी बदलली की टिचकीसारखा आवाज होतो. ही पातळी सेकंदाला काही हजार वेळा नेमकेपणाने बदलत राहिल्यास त्या टिचक्यांची मिळून एक ध्वनिलहर तयार होते, आणि मानवी वाचा किंवा वाद्याचा मुद्रित नाद ऐकू येऊ लागतो.

याची किंमत मोजून पाहणे उद्बोधक आहे. सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना चार बिटांचा धरला, तर एका सेकंदाच्या ध्वनीला ४,००० बाइट लागतात. यंत्राची सगळी स्मृती रिकामी करून दिली, तरी सोळा सेकंदांच्या वर काही मावणार नाही. दोन नमुन्यांमध्ये प्रक्रियकाला सुमारे १२३ आवर्तने मिळतात. शिवाय पडद्यावरील चित्र रेखणारी चिप मधूनमधून प्रक्रियकाला थांबवून स्मृतीचा ताबा घेते. त्यामुळे नमुन्यांची लय बिघडू नये म्हणून पुष्कळदा पडदा कोरा करावा लागे. तबकडीवाचक यंत्र मूळ अवस्थेत सेकंदाला जेमतेम ३०० ते ४०० बाइट वाचे. म्हणजे एका सेकंदाचा ध्वनी आत घेण्यास दहा सेकंदांहून कमी वेळ लागत नसे. १६ पायऱ्यांनी मिळणारा आवाजाचा पल्ला सुमारे २४ डेसिबेलचा, तर सीडीचा सुमारे ९६ डेसिबेलचा. इमानाचा निकष लावला, तर हा सारा खटाटोप निरर्थक ठरतो.

परंतु प्रत्यक्ष कृती पाहिल्या, म्हणजे हा निर्णय बदलावा लागतो. १९८४ च्या ‘इम्पॉसिबल मिशन’ या खेळात अंकीय नमुन्यांतून मानवी वाचा ऐकू आली. ती एकेका वाक्यापुरतीच होती, आणि म्हणूनच तिचा परिणाम नाट्यमय झाला. १९८७ मध्ये मार्टिन गॉलवे यांनी ‘अर्कनॉइड’च्या आरंभसंगीतात अशा नमुन्यांचा उपयोग तालाघातांसाठी केला. त्याच वर्षी हबर्ड यांनी ‘स्केट ऑर डाय’च्या आरंभसंगीतात विद्युत गिटारीचे मुद्रित तुकडे सिडच्या तीन मार्गांच्या जोडीला बसवले. या दोन रचनांचे विशेष असे की त्यांत मुद्रित ध्वनी हा संपूर्ण गीताचा भार वाहत नाही. तो चौथा वादक म्हणून येतो. त्याचा खडबडीतपणा तालाघाताला आणि गिटारीच्या कर्कश नादाला मानवतो. तेथे सोळा पायऱ्यांची ओबडधोबड लहर उणी न वाटता उचित वाटते. उलटपक्षी, एखाद्या लोकप्रिय गीताचे दहा-बारा सेकंदांचे मुद्रण तसेच्या तसे वाजवून दाखवणारे जे प्रयोग झाले, त्यांत चमत्काराखेरीज काही उरत नाही. चमत्कार ओसरला, की ऐकणाऱ्याजवळ मूळ गीताची एक वाईट प्रत राहते. औचित्याचा जुना विचार येथे नव्या सामग्रीला लागू पडतो. तंत्र तेच, यंत्रही तेच. भेद आहे तो उपयोजनाचा.

या वैगुण्याचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कमोडोर ६४ च्या नव्या आवृत्तीत ८५८० ही सुधारलेली सिड आली. तीत तो स्थिर विद्युद्दाब जवळजवळ नाहीसा करण्यात आला. परिणामी आवाजाच्या पातळीवर आधारलेले नमुने नव्या यंत्रावर क्षीण झाले, काही ठिकाणी तर ऐकूच येईनासे झाले. अभियंत्याच्या दृष्टीने जी दुरुस्ती होती, ती रचनाकाराच्या दृष्टीने एका वादकाची हकालपट्टी ठरली. आज्ञावलीतील एक अक्षरही न बदलता कृती बदलली. संहिता शुद्ध असूनही प्रयोग भ्रष्ट होऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

४

वाद्य आणि ध्वनिमुद्रण यांमधील या द्वंद्वाला सर्वांत समाधानकारक उत्तर मिळाले ते कमोडोरच्याच अमिगा या यंत्रावर. १९८५ मध्ये आलेल्या या यंत्रातील ‘पॉला’ ही चिप आठ बिटांचे नमुने चार मार्गांनी, प्रक्रियकाला न गुंतवता, थेट स्मृतीतून उचलून वाजवू शकत असे. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांचा ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हा कार्यक्रम प्रसिद्ध झाला आणि त्यातून ‘मॉड’ या नावाने ओळखली जाणारी फाइल रूढ झाली. या फाइलीचे दोन भाग असतात. एका भागात वाद्यांच्या एकेका नादाचे लहान लहान मुद्रित नमुने असतात. आरंभी १५ आणि पुढे ३१. दुसऱ्या भागात कोणता नमुना, कोणत्या स्वरात, कोणत्या क्षणी वाजवावा याची ६४ ओळींची कोष्टके असतात. नमुना अधिक वेगाने वाजवला की स्वर चढतो आणि नादाची लांबी घटते. रचनाकाराला दोहोंचा हिशेब एकत्र राखावा लागतो.

मॉड फाइलीत स्वरलेखन आणि ध्वनिमुद्रण एकाच वेष्टनात नांदतात. तीन मिनिटांच्या संगीताला सीडीच्या पद्धतीने सुमारे ३ कोटी १७ लाख बाइट लागतात. तेवढ्याच कालावधीची मॉड फाइल पुष्कळदा शंभर-दोनशे किलोबाइटांत बसते. परंतु आकाराची बचत हा तिचा गौण गुण होय. तिचा प्रधान गुण असा की ती उघडून पाहता येते. कोणता नाद कोठून आला, कोणत्या ओळीत तो का बदलला, हे अभ्यासकाला वाचता येते. अनेक तरुण रचनाकार इतरांच्या मॉड फाइली वाचूनच ही कला शिकले. संहिता, तिचे भाष्य आणि तिचा नाद एकाच ठिकाणी मिळण्याचा असा योग संगीताच्या इतिहासात पूर्वी क्वचितच आला असेल.

याच्या अगदी उलट टोकाला एमपी-३ ही फाइल आहे. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत मानवी कानाला जे ऐकू येण्याचा संभव कमी, ते वगळून ध्वनी संक्षिप्त केला जातो. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रचलित प्रमाणाने तीन मिनिटांच्या गीताला सुमारे २९ लाख बाइट पुरतात. तथापि जागा वाचते, तिचे मोल गणिताने चुकवावे लागते. संक्षिप्त ध्वनी पुन्हा उलगडण्याचे जे गणित आहे, ते अमिगाच्या मूळ ६८००० प्रक्रियकाला ध्वनीच्या गतीने पुरे करणे शक्य होत नाही. कमोडोर ६४ ची गोष्ट तर दूरच राहिली. म्हणून छांदिष्टांनी दोन मार्ग अनुसरले. एक, यंत्राला अधिक वेगवान प्रक्रियक जोडणे. दुसरा, उलगडण्याचे काम स्वतंत्र चिपकडे सोपवून ते उपकरण यंत्राच्या पाठीशी लावणे.

दुसऱ्या मार्गाने येणारा ध्वनी निर्दोष असतो. परंतु त्या निर्दोषतेत जुन्या यंत्राचा वाटा कोणता? ते फाइल उचलून पुढे देते आणि पडद्यावर गीताचे नाव दाखवते. वादकाची जागा द्वारपालाने घेतली आहे. हे करून पाहण्यात अभियांत्रिकीचे कौशल्य आहे हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ‘जुन्या यंत्रावर एमपी-३ वाजले’ हे विधान संगीतविचाराच्या दृष्टीने पोकळ आहे. पहिल्या मार्गाचे मोल याहून थोडे अधिक मानावे लागेल. तेथे निदान शेवटची पायरी यंत्राच्या स्वतःच्या चिपकडे राहते. पॉलाचे दोन मार्ग एकत्र जोडून, एक पूर्ण पातळीवर आणि दुसरा त्याच्या चौसष्टाव्या अंशावर ठेवून, आठ बिटांच्या चिपमधून चौदा बिटांच्या तोडीचा ध्वनी काढण्याची जी युक्ती वापरली जाते, तिच्यात यंत्राच्या स्वभावाचे ज्ञान आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की श्रोत्याला केवळ नादाशी कर्तव्य असते. तो कोणत्या चिपने निर्माण केला याच्याशी नाही. हा आक्षेप एमपी-३ पुरता खरा आहे. ती फाइल मुळी यंत्राचा संबंध तोडण्यासाठीच घडवलेली आहे; कोठेही वाजवली तरी तिने सारखेच वाजावे हा तिचा धर्म. परंतु सिडच्या फाइलीचा धर्म तो नाही. एकाचा धर्म दुसऱ्यावर लादून केलेले परीक्षण दोघांनाही न्याय देऊ शकत नाही.

५

या भेदाचे महत्त्व जतनाच्या क्षेत्रात सर्वाधिक जाणवते. कमोडोर कंपनी एप्रिल १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. मूळ सिड चिपांचे उत्पादन थांबलेले आहे, आणि ज्या उरल्या आहेत त्या एकेक करून निकामी होत आहेत. अशा स्थितीत १९९६ मध्ये आरंभलेला ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ हा संग्रह मोलाचा आहे; त्यात आज पन्नास हजारांहून अधिक फाइली आहेत. या संग्रहाचा इतिहास पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परिचित वाटावा असा आहे.

सिडच्या रचना खेळांतून सोडवून स्वतंत्र फाइलींत ठेवण्याची पद्धत १९९० च्या सुमारास अमिगावरील ‘प्लेसिड’ या कार्यक्रमामुळे रुजली. एका जुन्या यंत्राचा नाद दुसऱ्या यंत्रावर उभा करण्याचा तो प्रयत्न होता. मुद्रित नमुन्यांच्या बाबतीत त्या कार्यक्रमाची स्वतःची एक सोय होती, आणि तिच्याशी जुळावे म्हणून काही फाइलींत मूळ आज्ञावली बदलून नवी घालण्यात आली. ग्रंथविद्येच्या भाषेत हा प्रक्षेप होय. लिपिकाराने आपल्या श्रोत्यांच्या सोयीसाठी पोथीतील चरण बदलावा, तसाच हा प्रकार. पुढे खऱ्या कमोडोर ६४ वर चालेल अशीच आज्ञावली ग्राह्य धरणारी ‘आरसिड’ ही फाइलपद्धती आली, आणि अशा अनेक रचनांचे मूळ पाठ पुनःस्थापित झाले. सुधारित फाइलपद्धतीच्या शीर्षभागात आणखी दोन गोष्टी नोंदवण्याची सोय आहे : रचना ६५८१ साठी आहे की ८५८० साठी, आणि ती युरोपीय यंत्रासाठी आहे की अमेरिकी.

या नोंदी क्षुल्लक नाहीत. युरोपीय यंत्रावर ५० वेळा चालणारा कार्यक्रम अमेरिकी यंत्रावर ६० वेळा चालतो. लय वीस टक्क्यांनी वाढते. दोन्ही यंत्रांच्या घड्याळांतील फरकामुळे स्वरही सुमारे पावणेचार टक्के चढतो, म्हणजे कोमल व शुद्ध स्वरांतील अंतराच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. ६५८१ चे फिल्टर तर एका चिपपासून दुसऱ्या चिपपर्यंत बदलतात. रचनाकाराने जो नाद ऐकून पसंत केला, तो शेजारच्या घरी तसाच लागेल याची शाश्वती नसे. तेव्हा ‘मूळ’ नाद कोणता हा प्रश्न येथे एका उत्तराने सुटणारा नाही. पाठभेद हा या वाङ्मयाचा अपघात नसून स्वभाव आहे.

हा प्रश्न केवळ परदेशाचा आहे असेही नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शासकीय योजनेतून बीबीसी मायक्रो हे संगणक भारतीय शाळांत आले, आणि त्याच दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त आवृत्ती भारतात विकण्यास आरंभ केला. बीबीसी मायक्रोच्या ध्वनिचिपमध्ये तीन स्वरमार्ग, एक गोंगाटमार्ग आणि प्रत्येकाला पातळीच्या १६ पायऱ्या आहेत. परंतु त्या पायऱ्या समान अंतराच्या नाहीत. त्यामुळे कमोडोरसाठी मापलेला नमुना तिच्यावर तसाच चालवला, तर ध्वनिलहर विकृत होते. स्पेक्ट्रममध्ये तर एकाच बिटाने चालणारा ध्वनिक्षेपक आहे. एकच मुद्रित ध्वनी या तीन यंत्रांवर तीन वेगळ्या प्रकारांनी लिहावा लागतो. लेखन बदलते तेथे कृतीही काही अंशी बदलते.

यावरून संग्राहकासाठी काही निष्कर्ष निघतात. सिड किंवा मॉड यांसारख्या फाइलीचे केवळ ध्वनिमुद्रण करून ठेवणे हे जतन अपुरे होय. ते एका प्रयोगाचे स्मारक आहे, कृतीचे रक्षण नव्हे. केवळ फाइल ठेवणेही पुरेसे नाही; कारण कोणत्या चिपवर आणि कोणत्या घड्याळावर ती वाजावी हे ठाऊक नसल्यास पुढचा वाचक चुकीचा प्रयोग खरा मानून चालेल. फाइल, तिच्या यंत्राचा निर्देश आणि खऱ्या चिपवरील निदान एक मुद्रण, ही तिन्ही एकत्र ठेवावी लागतील. चिपचे अनुकरण करणारे एम्युलेटर हे संपादित आवृत्तीसारखे समजावेत. चांगली आवृत्ती आपले आधार आणि आपले निर्णय सांगते. तशी अपेक्षा त्यांच्याकडूनही केली पाहिजे.

जुन्या यंत्रांची संख्या वर्षानुवर्षे घटणार हे उघड आहे. त्यांवर नवे संगीत वाजवून दाखवण्याचे कौतुक आणखी काही काळ चालेल व नंतर ओसरेल. टिकून राहण्यास योग्य असे जे आहे, ते ‘माँटी ऑन द रन’मधील तीन मार्गांचा ताण आणि ‘स्केट ऑर डाय’मधील चौथ्या वादकाचा खडबडीत प्रवेश यांत आहे. ऐंशीच्या दशकातील त्या रचनाकारांनी यंत्राचा दोष ओळखला, त्याला कामाला लावले आणि त्यातून रूप निर्माण केले. ते रूप ओळखण्यासाठी समीक्षकाला संहितेइतकेच यंत्रही वाचता आले पाहिजे. अन्यथा क्षीण झालेला नमुना ऐकून तो रचनाकारालाच दोष देईल, आणि एका दुरुस्त केलेल्या चिपमुळे गप्प बसलेला वादक इतिहासातूनही नाहीसा होईल.